मोजमापाची चूक शेतकऱ्याच्या माथी नको

मालावी हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला छोटा देश. तिथल्या बहुतेक कुटुंबांचं वर्षभराचं पोट मक्यावर अवलंबून असतं. २०१५-१६ च्या हंगामात तिथे पावसाने दगा दिला. एप्रिल २०१६ मध्ये सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ६५ लाखांहून जास्त लोकांना अन्नाची मदत लागेल, असा अंदाज निघाला. या वेळी मालावी सरकारने आधीच तरतूद करून ठेवली होती. आफ्रिकन युनियनच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘आफ्रिकन रिस्क कपॅसिटी’ या संस्थेकडून त्याने दुष्काळाचा विमा घेतला होता आणि त्यासाठी सुमारे ४७ लाख डॉलर हप्ता भरला होता. योजना अशी होती की उपग्रहांवरून मिळालेली पावसाची माहिती संगणकाच्या प्रारूपात घालायची, किती लोकांना झळ बसली ते त्यावरून काढायचं आणि आकडा ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पंचनामे न करता पैसे द्यायचे. प्रारूपाने झळ बसलेल्यांचा आकडा काढला २०,५९४. म्हणजे भरपाई शून्य.

पुढे प्रत्यक्ष चौकशी झाली तेव्हा घोळ कळला. प्रारूपात धरलेला मका १२० ते १४० दिवसांत तयार होणारा होता. शेतकरी मात्र ९० दिवसांच्या वाणाकडे वळलेले होते. वाण बदललं की पिकाला पाण्याची निकड कधी लागते, याचं सगळं गणित बदलतं. दुरुस्त माहिती घालून पुन्हा हिशोब केला आणि सुमारे ८१ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. ती हाती पडेपर्यंत २०१७ उजाडलं होतं.

या प्रकरणात चुकीपेक्षाही तिची दुरुस्ती मला जास्त बोलकी वाटते. विमा घेणारं एक सार्वभौम सरकार होतं. त्याच्याकडे कृषी खातं होतं, मदत संस्था होत्या, जगाचं लक्ष होतं. म्हणून ‘तुमचं यंत्र चुकलं आहे, पुन्हा मोजा’ असं म्हणता आलं आणि कुणीतरी ते ऐकलं. हाच प्रसंग एकरभर जमिनीच्या मालकावर आला असता तर? त्याच्या पॉलिसीत फेरतपासणीचं कलम बहुधा नसतंच. आकडा आला, तो अंतिम, विषय संपला.

विकसनशील देशांत लहान शेतकऱ्यांचा विमा इतकी वर्षं प्रयत्न करूनही का रुजत नाही, यावर परिषदा होतात आणि शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही, त्यांना विमा समजत नाही, असा ठरावीक निष्कर्ष निघतो. हे मला पटत नाही. विमा नाकारणाऱ्या शेतकऱ्याने बहुतेक वेळा तो नीट ओळखलेला असतो. मोजमाप चुकलं तर त्याची किंमत ज्याला ती सगळ्यात कमी परवडते त्यानेच मोजायची, अशी या कराराची बांधणी आहे. ती बदलत नाही तोवर जाहिरातींनी, मेळाव्यांनी आणि मोबाइल ॲपने फारसा फरक पडणार नाही.

असा विमा मुळात जन्माला का आला, हे आधी पाहायला हवं, कारण त्यामागची अडचण खरी होती. प्रत्येक शेतात जाऊन नुकसान मोजायचं आणि तेवढी भरपाई द्यायची, ही विम्याची सरळ पद्धत. शेकडो एकरांच्या शेतात ती चालते. अर्ध्या एकराच्या तुकड्यावर माणूस पाठवायचा तर त्याच्या जाण्यायेण्याचा खर्चच हप्त्याहून जास्त होतो. शिवाय पीक कुणाच्या हयगयीने गेलं आणि कुणाचं पावसाअभावी, हे परक्या माणसाने एका फेरीत ठरवायचं कसं? ज्याचं शेत जास्त धोक्यात तोच विमा घ्यायला पुढे येतो, ही आणखी एक अडचण. विसाव्या शतकात अनेक सरकारांनी असे सर्वसमावेशक पीक विमे काढले आणि बहुतेक ठिकाणी जमाखर्च जुळला नाही. भारतात १९८५ मध्ये सुरू झालेली सर्वंकष पीक विमा योजना तर वैयक्तिक पाहणी टाळून क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर चालत होती. तरीही जमा झालेल्या हप्त्यांच्या पाचपटीहून जास्त रक्कम तिला भरपाईपोटी द्यावी लागली.

मग शेत मोजायचंच नाही, पाऊस मोजायचा, हा मार्ग पुढे आला. कल्पना नवी नव्हती. म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्येच पावसावर आधारित विम्याची तपशीलवार योजना मांडली होती. ती प्रत्यक्षात यायला ऐंशी वर्षांहून जास्त काळ गेला. २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यात ‘बेसिक्स’ ही संस्था आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड यांनी जागतिक बँकेच्या तांत्रिक मदतीने भुईमूग आणि एरंडीच्या शेतकऱ्यांना असा विमा देऊन पाहिला. पर्जन्यमापकात ठरलेल्या मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस नोंदला गेला की पैसे. दाव्याचा अर्ज नाही, पंचनामा नाही, साहेबांची मर्जी नाही. पावसाचा आकडा शेतकऱ्याला कमी करता येत नाही की कंपनीला वाढवता येत नाही. विमा असला तरी शेतकरी शेताकडे दुर्लक्ष करत नाही, कारण पीक वाचवलं तर ते त्याचंच. यातला प्रत्येक गुण खरा आहे आणि म्हणूनच पुढच्या काही वर्षांत मालावी, इथिओपिया, केनिया अशा अनेक देशांत असे प्रयोग सुरू झाले.

दोष एकच, पण तो मुळाशी आहे. पर्जन्यमापक जिथे असतो तिथे शेत नसतं. एकाच शिवारात वरच्या अंगाला पाऊस पडतो आणि खालचं अंग कोरडं राहतं, हे पावसावर जगणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यात माती वेगळी, पेरणीची तारीख वेगळी, वाण वेगळं. शिवाय पीक कधी किडीने जातं, कधी काढणीच्या वेळच्या पावसाने. हंगामाचा एकूण पाऊस तेव्हा कागदावर उत्तम दिसतो. निर्देशांक (म्हणजे ज्या आकड्यावरून भरपाई ठरते तो) आणि शेत यांच्यातल्या या तफावतीला विमा क्षेत्रात ‘बेसिस रिस्क’ म्हणतात. नाव तांत्रिक असलं तरी ज्याच्यावर ती येते त्याच्यासाठी तिचा अर्थ सरळ आहे. पीक गेलं, भरपाई आली नाही आणि हप्ताही गेला.

अर्थतज्ज्ञ डॅनियल क्लार्क यांनी या शेवटच्या शक्यतेवर बोट ठेवलं. विमा न घेतलेल्या शेतकऱ्याचं सगळ्यात वाईट वर्ष म्हणजे पीक बुडालेलं वर्ष. निर्देशांकाचा विमा घेतलेल्याचं सगळ्यात वाईट वर्ष त्याहून वाईट असू शकतं, कारण पीक बुडालेलं असतं आणि वर हप्त्याचे पैसेही गेलेले असतात. म्हणजे सगळ्यात वाईट प्रसंगी आधार म्हणून घेतलेली वस्तू नेमका तोच प्रसंग आणखी वाईट करू शकते. जो अगदी काठावर जगतो, ज्याला एक वाईट वर्षही सोसवणार नाही, त्याने असा विमा न घेणं हेच शहाणपणाचं ठरतं, असं हे गणित सांगतं. भारतात झालेल्या अभ्यासातही दिसलं की पर्जन्यमापक केंद्र जितकं लांब, तितकी विम्याची मागणी कमी. गणित कागदावर मांडलं नसलं तरी शेतकऱ्यांनी तेच उत्तर काढलं होतं.

मालावीत आणखी एक प्रयोग झाला होता. झेव्हियर जिने आणि डीन यांग या संशोधकांनी काही शेतकऱ्यांना सुधारित बियाण्यांसाठी कर्ज देऊ केलं, तर इतर काहींना तेच कर्ज पावसाच्या विम्यासह देऊ केलं आणि विम्याचा हप्ता कर्जात धरला. अपेक्षा अशी की जोखीम कमी झाल्यावर कर्ज घेणारे वाढतील. झालं उलट. नुसतं कर्ज ३३ टक्के शेतकऱ्यांनी घेतलं; विम्यासह देऊ केलेलं कर्ज घेणाऱ्यांचं प्रमाण त्याहून १३ टक्के-बिंदूंनी कमी निघालं. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की पीक बुडालं तर कर्ज थकतं आणि बँकेला फार काही वसूल करता येत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. म्हणजे कर्जातच एक प्रकारचा विमा दडलेला असतो. त्यावर आणखी हप्ता कशाला भरायचा? या वागण्याला अडाणीपणा म्हणणं हा अन्याय आहे.

हप्ता कधी घ्यायचा, हाही असाच प्रश्न. पेरणीच्या तोंडावर घरात पैसा नसतो. बियाणं, खत, मशागत, मुलांची फी सगळं एकदम येतं. नेमक्या त्या आठवड्यात विमा कंपनी दार ठोठावते. लोरेन्झो कासाबुरी आणि जॅक विलिस यांनी केनियात कंत्राटी ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसोबत एक साधा बदल करून पाहिला. एका गटाला हप्ता आधी भरायला सांगितलं. त्यातल्या फक्त ५ टक्के शेतकऱ्यांनी विमा घेतला. दुसऱ्या गटाचा हप्ता कारखाना उसाच्या पैशातून कापून घेणार होता. तिथे ७२ टक्क्यांनी घेतला. आधी भरणाऱ्यांपैकी काहींना ३० टक्के सवलत देऊनही त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. विमा तोच, भरपाई तीच, शेतकरीही तेच. पैसे मागण्याची वेळ बदलल्यावर जागृतीचा सगळा प्रश्न कुठल्या कुठे गेला. अर्थात, हे जमलं कारण तिथे ऊस घेणारा एकच होता आणि पैसे त्याच्या हातून जात होते. खुल्या बाजारात धान्य विकणाऱ्याकडून काढणीनंतर वसुली कशी करायची, याला सोपं उत्तर नाही. पण हप्ता नंतर घेणं अशक्य म्हणून जागृतीच्या नावाने बोटं मोडत बसणं, याला काय म्हणायचं?

एवढं सगळं असूनही विमा सोडून द्यावा, असं मी म्हणत नाही, कारण विमा जिथे लागू पडतो तिथे तो जे करतो ते दुसरं काही करत नाही. घानाच्या उत्तर भागात डीन कार्लन, ख्रिस्तोफर उड्री आणि त्यांच्या घानातल्या सहकाऱ्यांनी काही शेतकऱ्यांना रोख मदत दिली, काहींना पावसाचा विमा दिला आणि काहींना दोन्ही. समज असा असतो की लहान शेतकरी भांडवलाअभावी शेतीत पैसे घालत नाही. निष्कर्ष निराळा आला. विमा मिळालेल्या शेतकऱ्यांनी पैशाची सोय स्वतः केली आणि शेतीवर जास्त खर्च केला. त्यांचे हात भीतीने बांधले होते. केनियाच्या मार्साबित भागात २०१० पासून गुराख्यांसाठी विमा आहे. तिथे उपग्रहातून कुरणांचा हिरवेपणा मोजतात. २०११ च्या भीषण दुष्काळात पहिली भरपाई मिळाली आणि नंतरच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्याकडे जनावरं बऱ्यापैकी होती त्यांनी ती पडत्या भावात विकणं टाळलं. ज्यांच्याकडे थोडीच होती त्यांच्या घरात जेवणाच्या वेळा कमी करणं टळलं. एका दुष्काळात कुटुंबाने जनावरं विकली किंवा मुलांचं पोट मारलं, तर पुढची दहा चांगली वर्षंही ते नुकसान भरून काढत नाहीत. म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

मग निर्देशांक सोडून पुन्हा प्रत्यक्ष पीक मोजावं का? भारताने मधला मार्ग धरला आहे आणि त्याचा पसारा एवढा मोठा आहे की त्याच्याकडे नीट पाहायलाच हवं. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के, असा कमाल मर्यादेत बांधला. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकारं भरतात. हप्ता परवडेना, ही तक्रार त्याने बऱ्याच अंशी मिटवली. भरपाई ठरते ती मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर. मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत हा विमा घटक धरला तर तिथे किमान चार प्रयोग करायचे. म्हणजे चार ठिकाणी आखलेल्या चौकोनातलं पीक कापून, मळून, वजन करून त्या परिसराचं सरासरी उत्पादन काढायचं. हे उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा, म्हणजे त्या परिसरासाठी आधी ठरवलेल्या पातळीपेक्षा, जितकं कमी, त्या प्रमाणात भरपाई.

पावसापेक्षा पीक मोजणं शेताच्या जवळ जाणारं आहे, यात शंका नाही. तरीही चार चौकोन म्हणजे सगळा परिसर नव्हे. देशभर हे प्रयोग लाखोंनी करावे लागतात आणि काढणीच्या मोजक्या आठवड्यांत ते उरकायचे असतात. करणारा कर्मचारी तोच, ज्याच्याकडे आधीच दहा कामं आहेत. चौकोन बांधावर पडला की शेताच्या मध्यभागी, कापणी समक्ष झाली की कागदावर, यावर कोट्यवधी रुपये फिरतात. म्हणून कंपनी आकड्यांवर हरकत घेते, गावकरी दुसऱ्या बाजूने दबाव आणतात. आता उपग्रहाची जोड दिली जात आहे. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानावर आधारलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन दिलं गेलं. दिशा योग्य आहे, पण मालावीची गोष्ट विसरायला नको. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो. शेंगेत दाणा भरला की नाही, हे त्याला अंदाजानेच काढावं लागतं आणि तो अंदाज कुठलं वाण, कुठली पेरणी धरून केला आहे यावर सगळं ठरतं.

या योजनेत कंपनीला हरकत घेण्याची वाट ठरवून दिलेली आहे. प्रयोगाच्या वेळी तिचा प्रतिनिधी हजर राहू शकतो, आकड्यांवर आक्षेप नोंदवू शकतो, प्रकरण वरच्या समितीकडे नेऊ शकतो. शेतकऱ्यासाठीही तक्रार निवारणाच्या समित्या आहेत. पण ‘आमच्या गावाचं उत्पादन चुकीचं काढलं आहे, पुन्हा मोजा’ अशी मागणी करण्याची त्याची वाट कुठे आहे? आकडा जाहीर होतो तेव्हा पीक कापून झालेलं असतं. पुन्हा मोजायला शेतात काही उरलेलंच नसतं.

माझी मागणी नेमकी याच जागेवर आहे. विमा पाऊस मोजणारा असो, उपग्रहाचा असो की पीक कापणीचा, प्रत्येक करारात गावाला फेरतपासणीचा हक्क लिहिलेला असावा आणि तो पीक उभं असतानाच वापरता यावा. हंगाम हातचा चाललाय हे गावाला काढणीच्या बरंच आधी कळतं. निर्देशांक ‘सगळं ठीक’ म्हणत असेल आणि गाव ‘पीक गेलं’ म्हणत असेल, तर ठरलेल्या मुदतीत गावाने एकत्रित मागणी करावी. मग तिसऱ्या, स्वतंत्र यंत्रणेने गावात नमुना कापणी करावी. तिचा आकडा गावाच्या बाजूने आला तर तो कंपनीवर बंधनकारक असावा आणि तपासणीचा खर्चही कंपनीने द्यावा. मागणी खोटी ठरली तर खर्चाचा काही वाटा पुढच्या हंगामात गावाच्या हप्त्यात मिळवावा.

यावर विमा कंपन्यांचा आक्षेप मला माहीत आहे. त्या म्हणतात की निर्देशांकाचा सगळा फायदा तो स्वस्त आणि निर्विवाद असण्यात आहे. फेरतपासणी आणली की वाद, खर्च आणि लबाडी तिघंही मागच्या दाराने परत येतील. आक्षेप पोकळ नाही. पण फेरतपासणी प्रत्येक शेताची मागितलेली नाही. फक्त जिथे वाद आहे तिथे आणि तीही अख्ख्या गावाची. एकट्या शेतकऱ्याने हयगय करून गावाची सरासरी पाडता येत नाही आणि खोटी मागणी केल्याचा भुर्दंड सगळ्यांना बसणार असेल तर शेजारीच एकमेकांना आवर घालतात. खर्च वाढेल, हे मान्य. तो आजही कुणीतरी करतंच आहे. फरक इतकाच की आज तो कंपनीच्या हिशोबवहीत न दिसता शेतकऱ्याच्या घरात दिसतो. निर्देशांक जितका चांगला, तितक्या फेरतपासण्या कमी. म्हणजे चांगलं मोजमाप करण्यात कंपनीचा स्वतःचा फायदा असेल. आजच्या करारात तो कुठेच नाही.

आणि पैसे? शेती विमा सरकारी पैशाशिवाय स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, असं गरीब देशांना सांगितलं जातं. सांगणाऱ्या श्रीमंत देशांनी तसं केलेलं नाही. अमेरिकेत १९३८ पासून सरकारी पाठबळावर पीक विमा आहे. कित्येक दशकं तिथलेही शेतकरी त्याकडे पाठ फिरवून होते. १९८० नंतर टप्प्याटप्प्याने अनुदान वाढवलं तेव्हा विमा पसरला. आज तिथे हप्त्याचा सरासरी ६० टक्क्यांहून जास्त भाग सरकार भरतं. मग अर्ध्या हेक्टरवाल्याला बाजाराचे नियम शिकवण्यात काय अर्थ आहे? मंगोलियाने जनावरांच्या विम्यात २००६ पासून केलेली विभागणी मला न्याय्य वाटते. थोडी जनावरं दगावली तर तोटा पशुपालकाचा, त्यावरचा काही मर्यादेपर्यंतचा कंपन्यांचा आणि हिवाळ्याच्या कहराने कळपच्या कळप संपले तर सरकारचा. अनुदान द्यावंच, पण हप्ता स्वस्त करण्यावर जेवढं लक्ष आहे त्यातलं थोडं तरी मोजमापाकडे वळावं. पर्जन्यमापक दाट हवेत, कापणी प्रयोग करणाऱ्याला पुरेसा वेळ आणि वेतन हवं, आणि रोजचे आकडे गावाला वाचता येतील असे खुले हवेत. शिवाय सरकारनेच स्वतःचा हिस्सा वेळेवर भरायला हवा. भारतात राज्यांचा अनुदानाचा हिस्सा रखडल्यामुळे भरपाई अडकल्याचं वारंवार घडलं आहे. उशिरावर १२ टक्के व्याजाची तरतूद करावी लागली, यातच सगळं आलं. पुढच्या पेरणीनंतर मिळालेली भरपाई सावकाराच्या व्याजातच गेलेली असते.

बदलत्या हवामानात एक धोका आणखी वाढतो आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. भारतातलं उंबरठा उत्पादन गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन, तिला जोखीमस्तराने (म्हणजे त्या सरासरीचा किती टक्के भाग विम्याखाली धरायचा, त्या टक्केवारीने) गुणून काढतात. समजा, एखाद्या परिसरात सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन १४, १३, ६, १२, ५, ७ आणि ६ क्विंटल असं झालं. चांगली पाच वर्षं म्हणजे १४, १३, १२, ७ आणि ६, सरासरी १०.४. जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा ७.२८ क्विंटलवर येतो. यंदा साडेसात क्विंटल पिकलं, म्हणजे चांगल्या वर्षाच्या जेमतेम निम्मं, तरी भरपाई शून्य. सातपैकी दोन वाईट वर्षं वगळण्याची सोय आहे, पण चार वाईट वर्षं आली तर ती पुरत नाही. दुष्काळ जितका नेहमीचा होत जाईल तितका उंबरठा खाली सरकेल. म्हणजे ज्या परिसराला विम्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच विमा हळूहळू निकामी होत जातो. पावसाच्या निर्देशांकात हेच दुसऱ्या वाटेने घडतं. धोका वाढला की हप्ता वाढतो. ज्या जमिनीवर दर दुसऱ्या वर्षी पीक जातं तिथे विमा हे उत्तर उरत नाही. तिथे पाणी अडवणं, वाण बदलणं, कधी पीकच बदलणं भाग असतं आणि त्याचा खर्च समाजाने उचलायला हवा. इथिओपियातल्या तिग्राय प्रांतात २००९ मध्ये ऑक्सफॅम अमेरिकेने स्थानिक संस्थांसह सुरू केलेल्या योजनेत गरीब शेतकरी हप्ता पैशाऐवजी श्रमातून भरत होते; बांधबंदिस्ती, माती आणि पाणी अडवण्याची कामं करत होते. हप्त्याची सोय झाली आणि त्याच कामाने पुढच्या दुष्काळाची धारही थोडी बोथट होणार होती.

आता ज्यांचा या चर्चेत उल्लेखच होत नाही त्यांच्याविषयी. विमा जमिनीच्या कागदाला बांधलेला असतो. दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर कसणारा, नवऱ्याच्या नावावरच्या शेतात राबणारी बाई, रोजंदारीवरचा मजूर, यांच्याकडे तो कागद नसतो. मुश्फिक मोबारक आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी भारतात केलेल्या अभ्यासातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. विमा मिळाला की जमीनमालक जास्त उत्पन्नाची पण पावसाला जास्त नाजूक पिकं घेतो. चांगल्या वर्षी मजुरांना काम भरपूर मिळतं. वाईट वर्षी मात्र शेतात काढायलाच काही नसतं; मालकाला भरपाई मिळते आणि मजुराच्या हाती काहीच पडत नाही. म्हणजे एकाची जोखीम कमी करताना दुसऱ्याची वाढवली गेली.

पावसाच्या निर्देशांकाचा विमा कुठल्याच शेताला बांधलेला नसतो, हा त्याचा दोष इथे गुण ठरू शकतो. पाऊस ठरलेल्या पातळीखाली गेला की पैसे, एवढाच करार असेल तर तो घ्यायला जमीन कशाला हवी? भूमिहीन मजुराला तो देता येतो आणि या अभ्यासात तो देऊनही पाहिला गेला. मजुरांनी तो घेतलाही. अनुदानित पीक विम्याच्या योजनांमध्ये त्यांच्यासाठी वेगळा भाग असावा, त्याचा हप्ता सरकारने भरावा आणि भरपाई पेरणी फसल्याचं दिसताच, म्हणजे मजुरी बुडायला लागते त्या आठवड्यांतच, खात्यात जमा व्हावी. त्यासाठी सातबारा लागत नाही. जवळचा एक चालू पर्जन्यमापक आणि बँकेचं खातं पुरतं.